कळा कुणाच्या हिशेबाने?

मराठवाड्यात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. लातूर-नांदेडकडच्या दवाखान्यात पाळीची तारीख विचारली, की उत्तर अनेकदा सणाचे मिळते: ‘नागपंचमीनंतर चुकली.’ आपले ‘नऊ महिने नऊ दिवस’ चांद्रमासांनी मोजले तर साधारण २७५ दिवस होतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० मोजतात. त्यात २०२३ सारखा अधिक श्रावण आला, तर हिशेब महिन्याने चुकू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी मोलाची ठरते ती यासाठी. तारीखच कच्ची असेल, तर ‘दिवस उलटले’ म्हणून लावलेली कळांची सलाईन बाळाला अवेळी बाहेर आणू शकते.

या सलाईनमधले ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार झाले १९५३ साली. रक्तदाब वाढला, पाणी जाऊन बराच वेळ झाला किंवा ४१ आठवडे उलटले, तर कळा आणणे जीव वाचवते. त्याबद्दल वाद नाही. पण मात्रा वाढली की दोन कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाला प्राणवायू कमी पडतो. आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल, तर गर्भाशय फाटण्याची भीती. म्हणून थेंब मोजणारे, बाळाचे ठोके ऐकणारे कुणीतरी खाटेशी हवे.

आणि तिला विचारायला हवे. सही बहुधा नवऱ्याची किंवा बापाची घेतली जाते. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात भुलीखालच्या लेकीच्या वतीने आईने दिलेली संमतीही सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम रुग्णालाच सांगायला हवेत, असे न्यायालयाने म्हटले. ‘अजून थांबून पाहता येईल का?’ हा प्रश्न त्या पर्यायांतच येतो.