मालवाहू 'सर्पेन्स'ची वीस महिन्यांची नौसेवा

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर झालेला संघर्ष विमानवाहू नौका आणि पाणबुड्या यांच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचा निकाल अखेर पुरवठ्यावर अवलंबून होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सॉलोमन बेटांपर्यंतचे सागरी अंतर नऊ हजार किलोमीटरहून अधिक होते आणि त्या बेटांवर धान्य, इंधन, यंत्रसामग्री किंवा दारूगोळा यांपैकी काहीही तयार होत नसल्यामुळे सैनिकाच्या हाती लागणारी प्रत्येक वस्तू जहाजानेच न्यावी लागे. या वाहतुकीसाठी अमेरिकी नौदलाने 'ए. के.' या चिन्हाने ओळखल्या जाणाऱ्या मालवाहू जहाजांचा स्वतंत्र वर्ग ठेवला होता. या वर्गातील 'सर्पेन्स', क्रमांक ए. के.-97, हे जहाज जेमतेम वीस महिने सेवेत राहिले. परंतु युद्धातील पुरवठा कसा चालत असे आणि त्यात खरा धोका कोठे दडलेला असे, हे समजून घेण्यास त्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

सव्वीस दिवसांत पाण्यात

'सर्पेन्स' हे मुळात लिबर्टी जहाज होते. जर्मन पाणबुड्या जितकी जहाजे बुडवीत होत्या, त्यांहून अधिक वेगाने नवी बांधता यावीत, या हेतूने ब्रिटिश आराखड्यावरून अमेरिकेने ठरवलेल्या एकाच नमुन्याच्या मालवाहू जहाजांना हे नाव मिळाले. 1941 ते 1945 या काळात अशी 2,710 जहाजे बांधली गेली. सुमारे 441 फूट लांबी, मालाची पाच कोठारे, दहा हजार टनांच्या आसपास माल वाहण्याची क्षमता आणि ताशी अकरा सागरी मैलांचा वेग, ही त्यांची सर्वसाधारण वैशिष्ट्ये होत. आधुनिक टर्बाइनऐवजी त्यांत जुन्या पद्धतीचे वाफेचे इंजिन मुद्दाम बसवले जाई, कारण ते बनवणे सोपे होते आणि ते चालवणारी माणसे सहज मिळत. सांगाड्याचे पत्रे रिव्हेटांनी ठोकण्याऐवजी मोठ्या प्रमाणावर वेल्डिंगने जोडले जात आणि जहाजाचे मोठाले भाग आधीच तयार करून नंतर एकत्र बसवले जात, त्यामुळे बांधणीचा काळ झपाट्याने घटला.

लॉस एंजेलिसजवळच्या कॅलिफोर्निया शिपबिल्डिंग कॉर्पोरेशनच्या गोदीत 10 मार्च 1943 रोजी या जहाजाचा कणा ठेवला गेला आणि 5 एप्रिलला, म्हणजे सव्वीस दिवसांत, ते पाण्यात उतरले. लिबर्टी जहाजांना दिवंगत व्यक्तींची नावे देण्याच्या प्रथेनुसार अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांचे नाव त्यास दिले होते. परंतु त्याच महिन्यात नौदलाने ते ताब्यात घेतले आणि आपल्या मालवाहू जहाजांना तारे व तारकासमूह यांची नावे देण्याच्या रिवाजाला धरून त्याचे 'सर्पेन्स' असे नामकरण केले. 28 मे 1943 रोजी सॅन दिएगो येथे लेफ्टनंट कमांडर मॅग्नस जॉन्सन यांच्या आधिपत्याखाली ते सेवेत दाखल झाले.

नौदलाचे जहाज, तटरक्षकांचे खलाशी

जहाज नौदलाचे असूनही त्यावरील अधिकारी आणि खलाशी तटरक्षक दलाचे होते. शांततेच्या काळात अमेरिकेचे तटरक्षक दल अर्थखात्याच्या अखत्यारीत असे आणि सागरी बचाव, तस्करीला आळा व किनाऱ्याची निगराणी ही कामे करी. मात्र 1 नोव्हेंबर 1941 रोजी ते नौदलाच्या आज्ञेखाली आणले गेले. नौदलाला माणसांची मोठी चणचण असल्यामुळे मालवाहू, सैन्यवाहू आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी अनेक जहाजे या दलाकडे सोपवली गेली. 'सर्पेन्स' त्यांपैकी एक होते.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अलामेडा येथे माल भरून 24 जून 1943 रोजी ते दक्षिण पॅसिफिककडे निघाले. त्यानंतरच्या दीड वर्षात सामोआतील पागो पागो, न्यूझीलंड आणि सॉलोमन बेटे अशा टापूत सर्वसाधारण माल व वाहने नेण्याचे काम त्याच्याकडे होते. या बेटांवर धक्के फारच थोडे असल्याने जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरावे लागे, त्यावरील वाफेच्या विंचांनी कोठारांतील माल उचलून सपाट बार्जवर ठेवला जाई आणि बार्ज तो किनाऱ्यावर नेत. चढवण्याचे काम याच क्रमाने उलट होई. जुलै 1944 मध्ये पेरी स्टिन्सन यांनी जहाजाची सूत्रे हाती घेतली, तोपर्यंत आघाडी वायव्येकडे बरीच सरकली होती. ऑगस्ट 1942 ते फेब्रुवारी 1943 असे सहा महिने ज्या ग्वादलकॅनाल बेटासाठी घनघोर लढाई झाली, ते आता पिछाडीचे एक पुरवठा केंद्र बनले होते.

29 जानेवारी 1945

त्या दिवशी 'सर्पेन्स' ग्वादलकॅनालच्या उत्तर किनाऱ्यावर, लुंगा किनाऱ्यासमोर नांगरलेले होते आणि त्यात डेप्थ चार्ज भरले जात होते. डेप्थ चार्ज म्हणजे पाणबुडीविरुद्ध वापरायचे, स्फोटकाने भरलेले पिंप; आधी ठरवलेल्या खोलीवर पाण्याचा दाब वाढला की त्याचा स्फोट होतो. जहाजाचे प्रमुख स्टिन्सन आणि आणखी सात जण कामानिमित्त किनाऱ्यावर गेले होते. उरलेले कर्मचारी आणि लष्कराच्या बंदर तुकडीतील माल चढवणारे सैनिक जहाजावर असताना रात्री अकरानंतर प्रचंड स्फोट झाला. त्यात जहाजाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. केवळ पुढचा भाग, म्हणजे नाळ, काही काळ पाण्यावर दिसत राहिली आणि नंतर तीही बुडाली. नाळेकडील सामानाच्या खोलीत असलेले दोन खलाशी तेवढे जहाजावरून जिवंत वाचले. एकूण 250 जण मरण पावले आणि त्यांतील सुमारे दोनशे तटरक्षक दलाचे होते. या दलाच्या इतिहासात एकाच घटनेत झालेली ही सर्वांत मोठी प्राणहानी होय. जहाजाचे तुकडे किनाऱ्यापर्यंत उडाले आणि तेथील एक सैनिक त्यांमुळे दगावला.

प्रथम हा शत्रूचा हल्ला असावा असे मानले गेले. चौकशीत मात्र शिल्लक पुराव्यावरून कारण निश्चित करता आले नाही, कारण जे काही सांगू शकले असते ते माणूस आणि लोखंड दोन्ही नष्ट झाले होते. जून 1949 मध्ये नौदलाने प्रकरण बंद करताना हे नुकसान शत्रूच्या कारवाईमुळे झालेले नसून माल चढवण्याच्या कामातच अंतर्भूत असलेल्या अपघाताचे आहे, असा निर्वाळा दिला.

एकच घटना नव्हे

हा निर्वाळा योग्य प्रकारे समजण्यासाठी आधीच्या दहा महिन्यांतील घटना पाहाव्या लागतात. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या मालवाहू जहाजाला आग लागली. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात होती आणि त्यानंतरच्या दोन स्फोटांनी गोदीसह आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त केली. 21 मे रोजी पर्ल हार्बरच्या वेस्ट लॉकमध्ये दारूगोळा हाताळला जात असताना सैन्य उतरवणाऱ्या जहाजांवर स्फोट होऊन 163 जण मेले. 17 जुलैला कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे रात्रपाळीत जहाज भरताना 320 जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय नौसैनिक होते. 10 नोव्हेंबरला मानुस बेटाजवळच्या सीॲडलर बंदरात 'माउंट हूड' हे दारूगोळावाहू जहाज स्फोटात संपूर्ण नष्ट झाले. 'सर्पेन्स' धरून या पाचही घटनांत शत्रूचा हात सिद्ध झालेला नाही.

त्यांच्यामागची परिस्थितीही मिळतीजुळती होती. आघाडीची मागणी वाढत गेल्याने दारूगोळा रात्रंदिवस चढवला जाई, हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण अनेकदा अपुरे मिळे आणि मोठा साठा अरुंद जागेत एकत्र असे. स्फोटकाच्या एका पिंपाचा स्फोट झाला की त्याच्या आघाताने शेजारचे पिंप फुटते आणि ही साखळी क्षणार्धात संपूर्ण कोठारात पसरते. म्हणून एका पिंपापुरती राहू शकणारी चूक संपूर्ण जहाजाचा नाश करते. जेथे बंदराऐवजी खुल्या समुद्रात, बार्ज आणि विंचांच्या साह्याने हे काम होत असे, तेथे लाटा व अंधार यांची भर पडत असे.

'सर्पेन्स'वरील मृतांना प्रथम ग्वादलकॅनालवरील लष्करी दफनभूमीत पुरले गेले. नंतर अवशेष अमेरिकेत नेऊन 15 जून 1949 रोजी आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत 52 शवपेट्या 28 कबरींमध्ये पुन्हा विसावल्या, कारण अवशेष व्यक्तिशः ओळखणे अशक्य होते. 16 नोव्हेंबर 1950 रोजी तेथे उभारलेल्या स्मारकाचे लोकार्पण झाले आणि त्यावर 250 नावे कोरलेली आहेत. ज्या नौकेच्या वाट्याला शत्रूशी थेट झुंज फारशी आलीच नाही, तिचे खलाशी, माल चढवणारे सैनिक आणि तिच्यावरील वैद्यकीय अधिकारी यांची नावे अशी एकत्र आल्याने हे स्पष्ट होते, की पुरवठ्याचे काम करणाऱ्यांसाठी पिछाडी ही सुरक्षित जागा नव्हती आणि युद्धातील जीवितहानीचा हिशेब केवळ आघाडीवर मांडला, तर तो अपुराच राहतो.