वाळवण, खुराडं आणि चार पैसे

'आगोट' हा शब्द घाटावरच्या मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून आगोटीच्या आधी घर भरून ठेवायचं. आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, उकडांबे, खारातले गरे, मातीत घोळवलेल्या आठळ्या, सुका जवळा, सोडे, बोंबील, कुळथाचं पीठ. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे ताजी मासळीही जवळपास बंद. आता नाक्यावर दुकान आहे, घरात फ्रीज आहे, मग एप्रिल-मेच्या उन्हात हा खटाटोप कशाला, असं माझी मुलगीच विचारते.

तिला मी २०२० सालची आठवण करून देते. माझं माहेर मंडणगडकडचं. त्या वर्षी ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि शेजारच्या दापोली-मंडणगडची दैना करून गेलं. घरांवरचे पत्रे, कौलं उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब मोडले ते कितीतरी दिवस उभे राहिले नाहीत. त्यात लॉकडाऊन. माझ्या वहिनीने फ्रीजरमध्ये हौसेने साठवलेला आमरस आणि मासळी दोन दिवसांत वास मारायला लागली, खड्डा खणून पुरावी लागली. त्या दिवसांत घर चाललं ते कुळथाच्या पिठल्यावर, आमसुलाच्या सारावर, डब्यातल्या जवळ्यावर आणि वादळातून वाचलेल्या सहा कोंबड्यांच्या अंड्यांवर. फ्रीज वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण आमच्या भागात पावसाळ्यातली वीज ही पाहुण्यासारखी. आली तर आली.

आता वाळवण आणि कोंबड्या या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात करायच्या म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आंबापोळीची ताटं मांडून पाठ वळते न वळते तोच कोंबडीची अख्खी फौज हजर. चोच मारली तर एक वेळ परवडलं, पण तिची विष्ठा वाळवणात पडली तर ते ताट गेलंच म्हणायचं, कारण त्यातून पोटाचे आजार होतात. पूर्वी पोरांना काठी देऊन राखणीला बसवत. आता पोरं क्लासला. म्हणून मे महिन्यात आमच्याकडे कोंबड्या सकाळी उजाडता सोडतात, ऊन चढलं की सावलीत डालग्याखाली कोंडतात आणि वाळवण उचलल्यावर पुन्हा मोकळ्या करतात. डालग्याखाली पाण्याचं भांडं हवंच, उन्हाळ्यात कोंबडी उपाशी राहील पण तहानेने तासा-दोन तासांत मान टाकेल.

आमसुलांचं सांगते, कारण बाजारातली काळीभोर, चिकट आमसुलं बघून अनेकींना वाटतं की ती तशीच असतात. पिकलेले लालबुंद रातांबे धुऊन, पुसून फोडायचे. बिया आणि गर वेगळा काढायचा. गराला मीठ लावलं की त्याला रस सुटतो. सालं एकदा उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. याला आम्ही पूट देणं म्हणतो. निदान पाच-सहा पुटं झाल्याशिवाय आमसुलाला अंग येत नाही. माझ्या सासूबाई सात देत. मे अखेरीस वळवाची सर आली की अख्ख्या वाडीत एकच धावपळ, कोणाचं वाळवण कोण उचलतंय याचा पत्ता नसतो. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून जे तूप निघतं ते मुठेल, टाचांच्या भेगांना त्यासारखं औषध नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सातवं पूट द्यायचं की पाचव्यावर भागवायचं हे अजून घरातली बाईच ठरवते.

खारातले गरे आणि उकडांबे यांचं सगळं गणित मिठात. मीठ कमी पडलं की बुरशी धरलीच म्हणून समजा. सासूबाईंकडे वजनकाटा नव्हता. त्या पाण्यात मीठ विरघळवत जायच्या आणि सालासकट ताजं अंडं अलगद सोडायच्या. साध्या पाण्यात ताजं अंडं तळाशी बसतं. मीठ साधारण लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे गेलं की ते वर तरंगायला लागतं. अंडं वर आलं की खार झाला. शाकाहारी मैत्रिणींनी कच्चा बटाटा टाकून बघावा, तोही हेच काम करतो. फक्त अंडं ताजं हवं. शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं, आणि मग ना अंडं कामाचं ना खार. अंडं धुऊन घ्या आणि परीक्षा झाली की ते पाणी उकळून गार करून मगच बरणीत ओता. जुलैत बरणीच्या तोंडाशी पांढुरकं दिसलं तर वरचं पुसून खालचं वापरायचा मोह होतो. तो टाळा. सुक्या मासळीचंही तेच. उघडीप मिळाली की ती बाहेर काढून ऊन दाखवायचं, पण बुरशी धरली असेल तर सरळ टाकून द्यायची.

हे खाराचं पाणी किंवा खारवलेल्या मासळीचा चुरा मात्र कोंबड्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका. जास्त मीठ कोंबडीला विषासारखं. बिनमिठाचा जवळा चालतो, त्याने अंड्यावर फरक पडतो. बाकी तिला लागतं ते घरातच असतं. भाताचा कोंडा, कणी, भाजीची देठं, फणसाची चारखंडं. पिल्लांना वारुळाची ढेकळं फोडून वाळवी दाखवली की ती तुटून पडतात. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालायच्या. उरलेलं ती स्वतः उकरून मिळवते. आणि चुलीची राख एका कोपऱ्यात ओतून ठेवायची, तीत लोळून ती आपल्या पिसवा आपणच काढते.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते. पोल्ट्रीतली तीनशेच्या वर. हा आकडा ऐकला की लोक विचारतात, मग ही पाळायची कशाला? तर ही बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते, आणि खुडूक झालेली कोंबडी म्हणजे फुकटचं मशीन. पोल्ट्रीच्या कोंबडीतला हा गुण माणसाने निवडून निवडून घालवला, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. गावठीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी रवणाला घाला. एकवीस दिवस ती स्वतः ऊब देते, स्वतः अंडी फिरवते, दिवसातून एकदा उठून खाते-पिते. आठवड्याने अंधारात अंड्यामागे बॅटरी धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नितळ दिसलं तर ते काढून घ्यायचं. रवण घालायचं ते दसरा-दिवाळीनंतर. पावसाळ्यात काढलेली पिल्लं ओलीत रक्ती हगवणीने जातात. जूनमध्ये खुडूक झालेल्या कोंबडीला बसू न देता अंगणात हिंडवत ठेवायचं हेच शहाणपण.

उन्हाळ्यात आणखी एक. कळपात कोंबडा असला की अंडी फलित असतात, आणि आमच्याकडच्या मेच्या उकाड्यात कोंबडी न बसताही त्यात जीव धरायला सुरुवात होते. 'गावठी अंडं फोडलं तर आत रक्त निघालं' ही पुण्या-मुंबईकडची तक्रार बरेचदा यातून येते. म्हणून विकायची अंडी मेमध्ये रोजच्या रोज गोळा करून माठाशेजारी गारव्याला ठेवावीत, चार-पाच दिवसांत संपवावीत, आणि धुऊन ठेवू नयेत. अंड्यावरचा नैसर्गिक लेप गेला की ते लवकर बिघडतं. कोंबडा वेगळा काढला तरी दोन-तीन आठवडे अंडी फलितच येत राहतात, हेही लक्षात असू द्या.

इथवर वाचून वाटेल की किती सोपं आणि नैसर्गिक आहे हे. आता मानमोडीचं सांगते.

आमच्या वाडीत एक काकी आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईत. त्यांच्या तेवीस कोंबड्या होत्या. दोन वर्षांमागे शिमग्यानंतर एका सकाळी दोन कोंबड्या पिसं फुलवून बसलेल्या दिसल्या, हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी झालेली. पाचव्या दिवशी खुराड्यात चार उरल्या. नातीच्या नर्सिंगच्या फीमधला आजीचा वाटा त्या कोंबड्यांतून येणार होता. आषाढात गटारीच्या आधी कोंबडे विकायचे, असं त्यांचं ठरलेलं होतं. काकी रडल्या नाहीत. नुसतं खुराडं धूत राहिल्या, तीन दिवस.

मानमोडी म्हणजे पुस्तकातला राणीखेत रोग. एकदा आला की औषध नाही, आधी लस हाच उपाय. ही लस स्वस्त आहे, पण एका बाटलीत शंभर-दोनशे मात्रा असतात आणि बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तीही बर्फात ठेवून. आठ कोंबड्यांची बाई ती बाटली आणून करणार काय? गावठी कोंबड्या लसीवाचून मरतात त्याचं मोठं कारण हे आहे. बायकांचं अज्ञान हे नव्हे.

त्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बैठकीत वाडीतल्या कोंबड्या मोजल्या. नऊ घरांत मिळून एकशे चाळीसच्या आसपास भरल्या. एक बाटली! पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दिवस ठरवून दिला. थर्मासात बर्फ घालून बाटली आणली आणि तिन्हीसांजेला, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, बॅटरीच्या उजेडात घरोघर फिरलो. एकीने कोंबडी धरायची, एकीने टोचायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकलो. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, दोन महिन्यांची झाली की पंखाखाली इंजेक्शन. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही. आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची, मग ती जावेने प्रेमाने दिलेली का असेना. या शेवटच्या नियमावरून आमच्यात दोन भांडणं झाली आहेत.

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, दापोलीत मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत तो निघाला. अशा वेळी लपवाछपवी करायची नाही, कावळे किंवा कोंबड्या एकदम मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं. अंडं-मटण नीट शिजवून खाल्लं तर भीती नाही, पण हे गिऱ्हाइकाला पटेपर्यंत दोन महिने जातात आणि तोवरचा तोटा बाईचा.

बाईचाच, कारण आमच्याकडे एक अलिखित कायदा आहे. काकी म्हणतात तसं, "कोंबडीचं पैसं बायकांचं, त्यात बाप्यांनी हात घालायचा नाय." आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पुरुषांकडे, काजूचा त्यांच्याकडे. अंड्यांचे आणि आमसुलांचे पैसे मात्र फडताळातल्या डब्यात. वही, एसटीचा पास, माहेरी जायचं भाडं, दवाखाना, हे त्यातून. म्हणून कोणी मोठी योजना घेऊन आलं की मी आधी विचारते, पैसे कोणाच्या खात्यात येणार? २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या एका योजनेत राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याच्या तक्रारी झाल्या. कोंबडी बिचारी चांगली, तिच्या नावावर दाखवलेलं स्वप्न खोटं.

पोल्ट्रीच्या अंड्याचा भाव सुचवायला १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आहे. गावठी अंड्याला तसं कोणी नाही. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून लोक घासाघीस करतात, आणि काहीजण चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी 'गावठी' म्हणून घेऊनही जातात. कवचाच्या रंगावर जाऊ नका, तो जातीवर असतो. ओल्या फडक्याने चोळून बघा, लावलेला रंग बरेचदा फडक्याला लागतो. त्यापेक्षा कोंबड्या जिच्या दारात हिंडताना दिसतात तिच्याकडून घ्या.

काकींकडे आता अठरा कोंबड्या आहेत. श्रावणात अंड्यांना गिऱ्हाईक नसतं, तेव्हा त्या अंडी घरीच खपवतात आणि पुळ्याच्या गाड्यांना आमसुलं विकतात, सहा पुटांची. नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत लस टोचायचं काम तिनेच केलं, थर्मास धरायला माझी मुलगी होती.