साडेतीन इंचांची मालकी

हार्बिन, सप्टेंबर १९३५

३१ ऑगस्टच्या पहाटे मांचुरियातल्या हार्बिन ते चांगचुन या सुमारे दीडशे मैलांच्या मार्गावर मजुरांच्या टोळ्या कामाला लागल्या. एका बाजूच्या रुळाचे खिळे उपटायचे, रूळ साडेतीन इंच आत सरकवायचा, पुन्हा खिळे ठोकायचे. काही तासांत काम उरकले आणि दुसऱ्या दिवसापासून दाइरेन बंदराहून सुटणारी जपानी ‘आशिया’ एक्स्प्रेस थेट हार्बिनला येऊ लागली. मनमाडला निजामच्या मीटरगेजसाठी ट्रंका उतरवणाऱ्या आपल्या माणसाला यातली सोय लगेच कळेल. इथे मात्र गेजवरून राज्य कोणाचे ते कळते.

रशियाने हा मार्ग आपल्या पाच फुटी मापाने बांधला. रशिया-जपान युद्धानंतर १९०५ च्या तहात चांगचुनच्या दक्षिणेचा तुकडा जपानकडे गेला आणि तिकडे रूळ अरुंद झाले. जमीन चीनची, पण तिचे माप ठरवणारे दोघेही परके.

चीनमध्ये परका इंजिनिअर बहुधा सावकाराचे बोट धरून येतो. तिएन्त्सिन-पुकौ मार्गाला कर्ज जर्मन आणि ब्रिटिश. म्हणून उत्तरेला जर्मन मुख्य इंजिनिअर, दक्षिणेला ब्रिटिश. उत्तरेकडचे डोर्पम्युलर आज जर्मनीच्या साऱ्या रेल्वेचे प्रमुख आहेत. अपवाद पीकिंग-कालगानचा. तिथे कोणाचा इंजिनिअर नेमायचा यावर ब्रिटिश आणि रशियन भांडत राहिले, आणि १९०९ साली झान तिएनयौ या चिनी इंजिनिअरने चिनी पैशावर मार्ग पुरा केला!

हार्बिनच्या नशिबी ते नव्हते. रशियन यादवीच्या काळात पनामा कालव्यावरचे अमेरिकन इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स दोस्तराष्ट्रांच्या वतीने इथल्या रेल्वेच्या देखरेखीला बसले. १९२४ च्या चीन-सोव्हिएत कराराने रेल्वेचे संचालक पाच चिनी, पाच सोव्हिएत. अध्यक्ष चिनी, व्यवस्थापक सोव्हिएत. मान एकाला, किल्ल्या दुसऱ्याला. १९२९ साली मांचुरियाचा चिनी सत्ताधीश चांग श्वे-लिआंग याने रशियनांना हुसकावून पाहिले. लाल फौजा सरहद्द ओलांडून आल्या आणि वर्ष सरायच्या आत जुनी घडी परत बसली. पुढे १९३१ साली जपानने मांचुरियाच घेतला.

यंदा मार्चमध्ये मॉस्कोने या रेल्वेवरचा आपला हक्क १४ कोटी येनला, जपानने इथे उभ्या केलेल्या मांचुकुओ राज्याला विकला, म्हणजे खरे तर जपानला. दोन तृतीयांश किंमत मालाच्या रूपाने मिळायची आहे. या मार्गाचे भवितव्य चीन आणि रशिया यांनीच ठरवायचे, असे १९२४ च्या करारात लिहिले आहे; नानकिंगच्या चिनी सरकारने त्यावर बोट ठेवून निषेध नोंदवला. सौदा व्हायचा तो झालाच. रशियन कर्मचारी बायकापोरांसह हजारोंनी मायदेशी गेले.

रशियन सरहद्दीवरच्या मांचुलीकडची पश्चिम शाखा अजून पाच फुटी आहे. त्यामुळे गाडी बदलण्याची कटकट चांगचुनहून हार्बिनला आली, एवढेच. तीही फार दिवस राहील, अशी पैज इथे कोणी लावत नाही.