मुलींसाठी कराओके गाणं निवडताना आधी अंतरा गाऊन बघा



डिसेंबर आला की शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. पूर्वी गाण्याच्या कार्यक्रमाला पेटीवाले, तबलजी शोधावे लागायचे. आता मोबाईल, स्पीकर आणि कराओके ट्रॅक एवढ्यावर काम भागतं. 'कराओके' हा जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद'. म्हणजे सगळी वाद्यं वाजतात, फक्त गायकाची जागा रिकामी असते. ती जागा आपल्या वर्गातल्या मुलीने भरायची असते. तिला ती झेपेल का, हा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

मीही केला नव्हता. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीला मी 'सैराट'मधलं श्रेया घोषाल यांचं 'आताच बया का बावरलं' हे गाणं दिलं. मुलगी सुरेल होती, गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं. वर्गात तिने मुखडा छान म्हटला आणि मी लगेच नाव पक्कं केलं. कार्यक्रमात अंतऱ्याला तिचा आवाज चिरकला. पुढची मुलं हसली. ट्रॅक पुढे निघून गेला आणि ती तिथेच उभी राहिली. त्यानंतर दहावी होईपर्यंत ती एकदाही एकटी गायला उभी राहिली नाही. चूक तिची नव्हती, गाणं निवडणारी मी होते. म्हणून हा लेख.

मुलींचाही आवाज बदलतो

मुलांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं. मुलींचाही बदलतो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा दोन-तीन स्वरांनीच उतरतो, त्यामुळे तो बदल लक्षात येत नाही. पण याच काळात स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत. आवाजात हवा मिसळते, उंच स्वर अडतात, मध्येच आवाज फाटतो. सहावीत सहज वर जाणारी मुलगी नववीत अडखळते, ती यामुळे. "तुझा रियाज कमी पडतोय" असं म्हणून तिला दामटवू नका.

ट्रॅक कुणाच्या पट्टीत आहे?

कराओके ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गाण्याच्याच पट्टीत बनवलेला असतो. लताबाई, आशाबाई, श्रेया घोषाल यांची बरीच गाणी उंच पट्टीतली आहेत आणि त्यांच्या गळ्याला अनेक वर्षांची तालीम आहे. न शिकलेल्या मुलीचा आवाज साधारण एक-सव्वा सप्तकात आरामात फिरतो. गाणं त्याच्या वर गेलं की ओढाताण सुरू होते.

पेटीवाले सर साथीला असले की मुलीचा गळा बघून पट्टी खाली घ्यायचे. ती चुकली तर तबला एक आवर्तन जास्त वाजायचा. ट्रॅक यातलं काहीच करत नाही. म्हणून ही काळजी आपल्यालाच आधी घ्यावी लागते.

गाणं ठरवण्याआधी या पाच गोष्टी करा

१. आधी ट्रॅकशिवाय गाऊ द्या. मुलीला तिच्या आवडीचं गाणं नुसतं गुणगुणायला सांगा. ती आपोआप स्वतःच्या सोयीची पट्टी धरते. पेटीवर तो सा शोधून वहीत लिहून ठेवा. पेटी येत नसेल तर मोबाईलवर ट्यूनरचं अ‍ॅप मिळतं.

२. अंतरा आधी गाऊन घ्या. आपण सगळे मुखड्यावरून गाणं ठरवतो आणि तिथेच फसतो. गाण्यातला सगळ्यात उंच स्वर बहुधा अंतऱ्यात असतो. तिथे मुलगी हनुवटी वर करते का, मानेच्या शिरा ताणतात का, आवाज एकदम बारीक होतो का, ते बघा. यातलं काहीही दिसलं तर त्या पट्टीत ते गाणं नको.

३. पट्टी बदलून बघा. बऱ्याच कराओके अ‍ॅपमध्ये ट्रॅक खाली-वर करायची सोय असते. उणे एक म्हणजे पेटीची एक पट्टी खाली, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. समजा ट्रॅक काळी पाचमध्ये आहे. उणे दोन केला की तो काळी चारमध्ये येतो. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ट्रॅक ठीक वाजतो, त्याहून जास्त बदलला की वाद्यांचा आवाज विचित्र यायला लागतो. तेवढं करूनही जमत नसेल तर गाणंच बदला.

४. श्वास मोजा. एक ओळ एका श्वासात पुरी होते का? ओळ संपल्यावर पुढच्या ओळीआधी श्वास घ्यायला जागा आहे का? भराभर शब्द असलेल्या गाण्यात मुली श्वास विसरतात आणि कडव्याच्या शेवटी सूर खाली पडतो.

५. सलग दोनदा म्हणायला सांगा. दुसऱ्या वेळी घसा दुखला किंवा आवाज बसला तर ते गाणं तिच्यासाठी अवघड आहे, पहिल्यांदा कितीही छान झालेलं असो.

"पट्टी खाली घेतली तर कमीपणा वाटेल ना?"

हा प्रश्न मुलीच विचारतात. पालकही विचारतात. त्यांना मी 'उमराव जान'चं (१९८१) उदाहरण देते. त्या चित्रपटात संगीतकार खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं होतं. त्या गझला आज आशाबाईंच्या सर्वोत्तम गाण्यांत धरल्या जातात. एवढ्या मोठ्या गायिकेची पट्टी उतरते, मग नववीतल्या मुलीची उतरली तर काय बिघडलं?

सोपं कशाला म्हणायचं?

प्रसिद्ध गाणं सोपं असेलच असं नाही. 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटातली दोन गाणी घ्या. संगीतकार वसंत देसाई, गीतकार गुलजार, गायिका वाणी जयराम. दोन्ही गाण्यांना हे तिघेच. 'हम को मन की शक्ति देना' ही प्रार्थना आज कितीतरी शाळांत होते. ओळी आखूड, चाल सरळ, श्वासाला भरपूर जागा. चित्रपटातही ती शाळेतल्या मुलीच म्हणतात. दुसरं 'बोले रे पपीहरा' मियाँ मल्हार रागातलं. ते ऐकायला तितकंच गोड, पण त्यातले स्वर आणि हरकती शास्त्रीय गाणं शिकलेल्या गळ्यालाच पेलतात. दोन्ही गाणी वर्गात ऐकवा आणि "यातलं आपल्याला कोणतं जमेल, का?" असं विचारा. मुली अगदी बरोबर उत्तर देतात.

अशीच आणखी दोन गाणी मला उपयोगी पडली आहेत. 'अजीब दास्ताँ है ये' (दिल अपना और प्रीत पराई, १९६०, शंकर-जयकिशन) याची लय स्थिर आहे आणि मुखड्याची चाल पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ती लवकर बसते. मराठीत अशोकजी परांजपे यांचं, अशोक पत्की यांनी चाल दिलेलं, सुमन कल्याणपूर यांचं 'केतकीच्या बनी तिथे' घ्या. चाल शांत आहे. मुरक्या कमी घेतल्या तरी गाणं छान वाटतं. दोन्हींची पट्टी मात्र मुलीप्रमाणे उतरवून घ्या.

पुरुष गायकांची गाणीही मुलींना फार आवडतात. पण मूळ ट्रॅकवर ती मुलींना बहुधा खाली खूपच खाली पडतात आणि वरच्या सप्तकात घेतली तर खूपच वर. अशा वेळी 'फीमेल स्केल' असं लिहिलेला ट्रॅक शोधा. युगुलगीतही असंच. दोघांना जमेल अशी मधली पट्टी धरलेली असते, मुलीची ओळ तिच्या सोयीची असेलच असं नाही.

शब्दांकडेही बघा

गाण्याचा अर्थ मुलीला सांगता आला पाहिजे आणि तो म्हणताना तिला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. लावणी किंवा विरहाचं गाणं वाईट नाही, पण ते गायचं का, हे तिने ठरवायचं. "हेच गाणं गाजतंय, हेच म्हण" असं आपण लादू नये. दोन-तीन जमण्यासारखी गाणी समोर ठेवा आणि निवड तिच्यावर सोडा.

सरावाच्या वेळी

पहिले तीन-चार दिवस ट्रॅक लावूच नका, टाळीवर म्हणून घ्या. मग ट्रॅकबरोबर, पण मुखडा आणि अंतरा यांच्यामधलं संगीत किती मात्रांचं आहे ते बोटांवर मोजायला शिकवा. बहुतेक मुली तिथेच लवकर किंवा उशिरा सुरू होतात. गाताना चूक झाली तर थांबायचं नाही, पुढच्या ओळीला ट्रॅक गाठायचा, याचाही मुद्दाम सराव घ्या. मी आता एका तालमीत मध्येच ट्रॅकचा आवाज बंद करते आणि काही सेकंदांनी परत सुरू करते. मुली हसतात, पण त्यांची भीती जाते. कार्यक्रमात ट्रॅकचा आवाज मुलीला स्टेजवर नीट ऐकू येतो ना, हे आदल्या दिवशी तपासा.

पालकांना एक विनंती. मुलगी घरी सराव करताना घसा बसला असेल तर दोन दिवस गाणं बंद ठेवा, पाणी भरपूर द्या. दोन-तीन आठवडे आवाज घोगराच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आणि ती आठवीतली मुलगी? दहावीच्या निरोप समारंभाला मी तिला एकटीला नाही, तीन मैत्रिणींबरोबर उभं केलं. 'हम को मन की शक्ति देना', तीन पट्ट्या खाली. पहिलं कडवं चौघींनी म्हटलं. दुसऱ्या कडव्याला बाकीच्या तिघी मुद्दाम हळू झाल्या आणि तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. हे त्यांचं आपापसात ठरलं होतं. मला माहीतही नव्हतं.