रेल्वे कामगारांचे कलह व संप

रेल्वे कामगारांचे कलह व संप : रेल्वे प्रशासन आणि रेल्वेत काम करणारे कामगार यांच्यात वेतन, महागाई भत्ता, कामाचे तास, नोकरीची शाश्वती, संघटनेस मान्यता इ. प्रश्नांवरून उद्‌भवणारे औद्योगिक कलह व त्यांतून होणारी कामबंदी. संप हा अशा कलहाचा अखेरचा टप्पा होय. मागणीपत्र, वाटाघाटी, संपाविषयी मतदान व संपाची नोटीस हे त्याआधीचे टप्पे होत. भारतीय रेल्वेच्या इतिहासात प्रत्यक्ष देशव्यापी संप मोजकेच झाले. परंतु संपाच्या इशाऱ्याने मात्र वेतन आयोग, लवाद व वाटाघाटींची कायम यंत्रणा अशा अनेक गोष्टी घडवून आणल्या. म्हणून रेल्वे कामगारांच्या चळवळीचा अभ्यास करताना संपाइतकेच महत्त्व संपाच्या नोटिशीलाही द्यावे लागते.

स्वरूप : कापडगिरणीत संप झाला, तर त्याची झळ प्रथम मालकाला व कामगाराला पोहोचते, ग्राहकाला ती उशिरा जाणवते. रेल्वेचे तसे नाही. वाहतूक ही साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे काम थांबताच प्रवासी, शेतकरी, खाणी, वीजकेंद्रे व बाजारपेठा या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. शिवाय रेल्वेचे काम साखळीसारखे असते. उदाहरणादाखल नागपूर जिल्ह्यातील कन्हान–रामटेक हा छोटा शाखामार्ग घेता येईल. हावड्याकडे जाणाऱ्या मुख्य मार्गापासून कन्हान येथे फुटून डुमरी खुर्द व आमडी या स्थानकांवरून तो रामटेक येथे संपतो. रामटेकच्या गडावरील राममंदिराचे यात्रेकरू, तालुक्याच्या गावाचे प्रवासी व आसपासच्या खेड्यांतील शेतकरी हे त्याचे प्रवासी होत. जवळच मनसर व कांद्री येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. अशा मार्गावर कामगारांची संख्या थोडी असते. परंतु स्टेशनमास्तर, सांधेवाला, फाटकवाला, रूळांची देखभाल करणारे गँगमन, गार्ड व इंजिनचालक यांपैकी एका दुव्याने काम थांबविले, तरी गाडी सुरक्षितपणे पुढे सरकत नाही. मुख्य मार्गावरील यार्डात काम थांबल्यास शाखेच्या टोकाला एकही कामगार संपावर नसताना तेथील वाहतूक बंद पडते. कामगारांचे सामर्थ्य या परस्परावलंबनात आहे. त्याच परस्परावलंबनामुळे शासन रेल्वेतील संपाकडे केवळ मालक-कामगार तंटा म्हणून पाहत नाही. त्याला तो सार्वजनिक जीवनावरील आघात वाटतो.

कारणे : वेतन व महागाई हे कलहाचे सर्वांत जुने कारण होय. त्याखालोखाल कामाच्या तासांचा प्रश्न येतो. गाडीबरोबर जाणाऱ्या इंजिनचालक, फायरमन, गार्ड इ. धावत्या कर्मचाऱ्यांचे काम ठराविक वेळी सुरू होऊन ठराविक वेळी संपत नाही. गाडी सिग्नलपाशी तासन्‌तास थांबली, तरी त्यांना ती सोडता येत नाही. याउलट लहान स्थानकावरील सांधेवाल्याला दोन गाड्यांच्या दरम्यान काम नसते. परंतु त्याला जागा सोडून जाता येत नाही. ही प्रतीक्षा काम मानावयाची की विश्रांती, हा वाद दीर्घकाळ चालला. १९३१ मध्ये अमलात आलेल्या नियमांनी सलग कामासाठी आठवड्याला ६०, तर खंडित कामासाठी ८४ तासांची मर्यादा घातली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने (१९४७) कामाचे अतिश्रमाचे, सलग व मुख्यतः खंडित असे वर्ग पाडून त्यांसाठी आठवड्याला सरासरी अनुक्रमे ४५, ५४ व ७५ तास ठरविले. नैमित्तिक कामगारांना कायम करणे, कपात, बदल्या, बोनस आणि निवृत्तिवेतन ही कलहाची अन्य कारणे होत.

प्रारंभीचा काळ : भारतात १८५३ मध्ये मुंबई–ठाणे मार्ग सुरू झाल्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १८६२ मध्ये हावडा येथे सु. १,२०० रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद ठेवल्याची नोंद आढळते. महाराष्ट्राच्या दृष्टीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेवरील सिग्नलरांचा १८९९ चा संप महत्त्वाचा आहे. टिळकांच्या केसरी व मराठा या पत्रांनी संपवाल्यांची बाजू मांडली, तर फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा इ. नेत्यांनी त्यांच्या साहाय्यार्थ सभा व निधीसंकलन यांना हातभार लावला. औद्योगिक कलहाला राष्ट्रीय चळवळीचा पाठिंबा मिळाल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

रेल्वेतील पहिली मोठी संघटना १८९७ मध्ये स्थापन झाली. परंतु तिचे सभासद प्रामुख्याने यूरोपीय व अँग्लो-इंडियन होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत हिंदी कामगारांच्या संघटना ठिकठिकाणी उभ्या राहिल्या व १९२४ मध्ये ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन ही मध्यवर्ती संघटना अस्तित्वात आली. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाने संघटनांना कायदेशीर अधिष्ठान मिळाले.

नागपूर व दोन रेल्वे कंपन्या : जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पूर्वेकडून बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्ये पूर्ण झाला. रामटेक शाखा ही या दुसऱ्या रेल्वेच्या जाळ्यातील होती. अशा रीतीने एकाच शहरात दोन कंपन्यांचे कामगार दोन वेगळ्या प्रशासनांखाली व दोन वेगळ्या संघटनांत काम करीत. वेतनश्रेणी, सवलती व शिस्तीचे नियम कंपनीपरत्वे निराळे असल्याने एका मार्गावरील कलह दुसऱ्या मार्गावर आपोआप पसरत नसे.

बंगाल-नागपूर रेल्वेवर व्ही. व्ही. गिरी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बळावली. फेब्रुवारी-मार्च १९२७ मध्ये खरगपूर केंद्र असलेला मोठा संप झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथील कारखान्यातील कपातीवरून पुन्हा कलह पेटला आणि त्याचे पर्यवसान डिसेंबरपर्यंत चाललेल्या टाळेबंदीत झाले. नोव्हेंबर १९२९ च्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे भरले. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालावा की नाही, या व इतर प्रश्नांवरून तेथे फूट पडली. ना. म. जोशी, गिरी आदी नेमस्त नेते बाहेर पडले व त्यांनी वेगळा महासंघ काढला. कामगारवर्गाची एकजूट अशी विभागलेली असतानाच ४ फेब्रुवारी १९३० रोजी जी. आय. पी. रेल्वेवर संप सुरू झाला. नागपूरचे कामगारनेते रुईकर हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. काही आठवड्यांत हा संप मोडला आणि अनेक कामगारांना नोकरीस मुकावे लागले. अपुरा निधी, एकाच रेल्वेपुरता मर्यादित लढा व दुभंगलेले नेतृत्व या उणिवा या अपयशातून स्पष्ट झाल्या.

इशाऱ्याचे राजकारण : दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. बहुतेक रेल्वेमार्ग सरकारच्या ताब्यात आल्यामुळे (बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये) कामगारांचा मालक एकच झाला व देशव्यापी मागणी शक्य झाली. फेडरेशनने २७ जून १९४६ पासून संपाची नोटीस दिली. शासनाने अंतरिम दिलासा दिल्यामुळे तो संप टळला. त्याच सुमारास नेमलेल्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने मूळ वेतन ३० रु. व महागाई भत्ता २५ रु. मिळून किमान ५५ रु. मासिक वेतन सुचविले. संप न होता झालेल्या लाभाचे हे ठळक उदाहरण होय. १९४९ मध्ये जयप्रकाश नारायण अध्यक्ष असताना फेडरेशनने पुन्हा दिलेली नोटीस मागे घेतली. साम्यवादी गटाने ९ मार्च रोजी स्वतंत्रपणे संपाची हाक दिली. ती सरकारी दडपणामुळे व कामगारांच्या अल्प प्रतिसादामुळे अयशस्वी झाली.

अन्य देशांतही असा अनुभव आढळतो. अमेरिकेत १९१६ साली चार रेल्वे संघटनांनी देशव्यापी संपाचा इशारा देताच काँग्रेसने ॲडॅमसन कायदा संमत करून आंतरराज्य रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस मान्य केला. मात्र त्याच देशात २०२२ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने कायद्याने करार लादून संप टाळला व आजारपणाच्या सवेतन रजेची मुख्य मागणी त्यातून वगळली. इशाऱ्याचे सामर्थ्य हे संप खरोखर होऊ शकेल, या विश्वासावर अवलंबून असते. तो होऊच दिला जाणार नाही, असे दिसले की ते ओसरते.

वाटाघाटींची यंत्रणा : भारतात १९५२ पासून रेल्वेत वाटाघाटींची कायम यंत्रणा कार्यान्वित झाली. विभागीय रेल्वे, रेल्वे बोर्ड व गरजेनुसार लवाद अशी तिची उतरंड होती. १९६६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. तीत वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिल्यास सक्तीच्या लवादाची तरतूद होती. तथापि ही यंत्रणा मान्यताप्राप्त संघटनांपुरतीच मर्यादित असल्याने इंजिनचालकांसारख्या विशिष्ट वर्गांना आपले प्रश्न मागे पडतात, असे वाटू लागले. त्यांनी स्वतंत्र संघटना उभारली. तिच्या आंदोलनानंतर ऑगस्ट १९७३ मध्ये शासनाने धावत्या कर्मचाऱ्यांसाठी दहा तासांच्या कामाचे तत्त्व मान्य केले.

शासनाची भूमिकाही याच काळात कठोर होत गेली. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या जुलै १९६० च्या संपाच्या वेळी आणि १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या लाक्षणिक संपाच्या वेळी वटहुकूम काढून संप बेकायदेशीर ठरविण्यात आला.

१९७४ चा संप : तिसऱ्या वेतन आयोगाने १९७३ मध्ये सुचविलेले १८५ रु. किमान वेतन शासनाने १९६ रु. केले, परंतु महागाईच्या मानाने ते कामगारांना अपुरे वाटले. फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ फेब्रुवारी १९७४ रोजी विविध संघटनांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांशी वेतनसमानता, आठ तासांचा दिवस, ८·३३ टक्के बोनस, नैमित्तिक कामगारांना कायम करणे व स्वस्त धान्य या प्रमुख मागण्या होत्या. एप्रिलमध्ये संपाची नोटीस देण्यात आली. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी फर्नांडिस व इतर नेत्यांना अटक झाली आणि ८ मे रोजी संप सुरू झाला.

सु. १७ लाख कायम व नैमित्तिक कामगारांच्या या उद्योगात संपाचा विस्तार अभूतपूर्व होता. शासनाने हजारो कामगारांना अटक केली, अनेकांना बडतर्फ केले व प्रादेशिक सेनेच्या साहाय्याने महत्त्वाच्या गाड्या चालविल्या. अनेक ठिकाणी कामगारांच्या कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या कामगाराचे घर, शिधा व मुलांची शाळा ही सारी नोकरीशी निगडित असल्याने हा आघात पगारकपातीहून जिव्हारी लागणारा होता. वीस दिवसांनंतर, २७ मे रोजी, संप बिनशर्त मागे घेण्यात आला.

तात्कालिक दृष्ट्या हा पूर्ण पराभव होता. तथापि १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेतले. १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मिळाला. संपाने जे थेट मिळाले नाही, त्याचा काही भाग संपाच्या आठवणीने मिळवून दिला, असे म्हणता येते.

नंतरचा काळ व कायदेशीर स्थिती : १९७४ नंतर देशव्यापी रेल्वे संप झालेला नाही. औद्योगिक कलह अधिनियम, १९४७ अन्वये रेल्वे ही लोकोपयोगी सेवा असल्यामुळे संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस आवश्यक होती व समेटाचे काम चालू असता संप करण्यास मनाई होती. या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेने नोटिशीची अट लोकोपयोगी सेवांपुरती न ठेवता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू केली आहे. म्हणजे एकेकाळी रेल्वेसारख्या लोकोपयोगी सेवांपुरते असलेले बंधन आता सर्वसाधारण झाले आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या मागणीसाठी रेल्वे कामगारांत संपाविषयी मतदान घेण्यात आले. संप झाला नाही. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने निश्चित निवृत्तिवेतनाचे तत्त्व अंशतः मान्य करणारी एकीकृत योजना मंजूर केली. या निर्णयामागे इतरही राजकीय कारणे होती. तथापि मागणी, मतदान, इशारा व तडजोड हा जुना क्रम येथेही दिसतो.

मूल्यमापन : प्रवाशाची गैरसोय व कामगाराचा हक्क यांपैकी एकाची निवड करावी, अशा रीतीने हा प्रश्न बहुधा मांडला जातो. प्रत्यक्षात दोहोंचे हित अनेकदा एकच असते. चौदा तास जागा असलेला इंजिनचालक हा स्वतःइतकाच गाडीतील प्रवाशांनाही धोका असतो. रामटेकसारख्या टोकाच्या स्थानकावर रात्री एकट्याने काम करणाऱ्या सांधेवाल्याची विश्रांती ही त्या मार्गावरील सुरक्षिततेची बाब ठरते. संपावर बंधने घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला, तर तितकीच जलद, निःपक्षपाती व बंधनकारक लवादाची व्यवस्था देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. ही जबाबदारी जेव्हा पार पाडली गेली, तेव्हा नोटीस पुरेशी ठरली. जेव्हा ती टाळली गेली, तेव्हा कलह संपापर्यंत पोहोचला. भारतीय रेल्वेच्या दीड शतकाहून अधिक काळातील अनुभवाचे हेच सार होय.