स्प्लिटचा मुक्काम : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

क्रोएशियातल्या स्प्लिटला जायचं ठरलं की बहुतेक लोक आधी हॉटेल बघतात, मग बेटं निवडतात आणि बोटीचं ऐनवेळी पाहू म्हणतात. क्रम नेमका उलटा हवा. कोणती बोट, कुठल्या धक्क्याला लागते आणि परत कधी येते, हे आधी कळलं तर बाकीचं आपोआप जमतं. ते न पाहता निघालेल्यांमध्येच पुढचे गैरसमज फिरत असतात.

“ह्वारची फेरी ह्वारला सोडते.”

बेटाला सोडते, गावाला नाही. बेटाचं आणि त्यावरच्या सुप्रसिद्ध गावाचं नाव एकच, म्हणून घोळ होतो. स्प्लिटहून गाड्या घेऊन जाणारी मोठी बोट, तिकडचे लोक तिला ‘त्रायेक्त’ म्हणतात, साधारण दोन तासांत स्तारी ग्रादच्या धक्क्याला लागते. फोटोत दिसतं ते किल्ल्याखालचं ह्वार गाव तिथून वीसेक किलोमीटर लांब, डोंगरापलीकडे आहे. गेटवेहून निघालेला माणूस मांडव्याला उतरून अलिबागची बस धरतो, तसंच हे. थेट ह्वार गावात जायचं तर कॅटामरान घ्यायची. ती फक्त माणसांची, वेगवान, आणि तासाभरात पोहोचवणारी. ह्वार गावात खोली घेतली असेल आणि सोबत जड सामान असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

“सगळी तिकिटं महिनाभर आधी काढलीच पाहिजेत.”

त्रायेक्तवर पायी चढणाऱ्याला सहसा जागा मिळते. धक्क्यावरच्या खिडकीवर तिकीट घ्या आणि चढा. ब्राच बेटावरचं सुपेतार तर जेमतेम पन्नास मिनिटांवर आहे आणि उन्हाळ्यात तिकडे दिवसभर फेऱ्या असतात. घाई दोघांनाच करावी लागते. एक, गाडी नेणाऱ्यांना, कारण जुलै-ऑगस्टच्या शनिवारी धक्क्यावर लांबलचक रांगा लागतात. दुसरे कॅटामरानवाले. तिच्या जागा मोजक्या असतात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्या खरोखरच संपतात.

“सकाळी बेटावर, संध्याकाळी परत, कुठलंही बेट चालेल.”

मला हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. या बोटी मुळात पर्यटकांसाठी नाहीत. बेटांवर बाराही महिने माणसं राहतात. त्यांना दवाखान्याला, कचेरीला, कॉलेजला स्प्लिटला यावं लागतं. म्हणून काही कॅटामरान रात्री बेटावरच मुक्काम करतात, पहाटे किंवा सकाळी स्प्लिटला येतात आणि दुपारनंतर परत फिरतात. व्हिस, लास्तोवो, येल्सा इथल्या फेऱ्यांचा हाच रिवाज आहे. बेटकऱ्यांच्या दृष्टीने वेळापत्रक चोख आहे, आपल्याला मात्र ते बरोबर उलटं पडतं. उन्हाळ्यात जास्तीच्या फेऱ्या असल्याने निभावतं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरात जाणाऱ्याने आधी परतीची शेवटची बोट पाहावी, मग जायची. व्हिसला तर एक रात्र राहावंच. त्रायेक्तने जायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय युगोस्लाव्ह सैन्याचा तळ असल्याने हे बेट १९८९पर्यंत परदेशी पाहुण्यांना बंद होतं, त्यामुळे मोठमोठ्या हॉटेलांची गर्दी तिथे उसळली नाही.

हिवाळ्यात बेटांच्या बोटी बंद होतात, हेही खरं नाही. फेऱ्या कमी होतात, इतकंच. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक ही वेगवान बोट मात्र हंगामीच असते.

“ऊन आहे म्हणजे बोट सुटणार.”

एड्रियाटिकवर उन्हापेक्षा वाऱ्याला विचारावं लागतं. ईशान्येकडून येणारा ‘बुरा’ कोरडा आणि झोडपणारा. तो सुटला की आकाश लख्ख निळं असतं आणि समुद्र पिसाळलेला. आग्नेयेचा ‘युगो’ दमट, आणि लाटा मोठ्या उठवणारा. अशा दिवशी आधी कॅटामरान रद्द होतात. त्रायेक्त जास्त तग धरते. बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की लाटा वाढल्या की आत होडी नेताच येत नाही. ती सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. आणि विमान पकडायचं असेल, तर आदल्या रात्री स्प्लिटला परत या. विमानतळ गावात नाही, त्रोगिरच्या वाटेवर वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.

“डायोक्लेशियनचा राजवाडा म्हणजे तिकीट काढून पाहायची वास्तू.”

राजवाडा म्हणजेच जुनं शहर. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. ३०५मध्ये आपण होऊन सिंहासन सोडलं आणि इथे येऊन राहिला. वास्तूचा पांढरा चुनखडक समोरच्या ब्राच बेटावरचा. सातव्या शतकात जवळचं सालोना शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले लोक या तटांच्या आड शिरले आणि त्यांनी दालनांतच घरं मांडली. ती वस्ती आजही आहे. रोमन कमानीत कुणाची तरी खिडकी, खिडकीत वाळत घातलेले कपडे. गल्ल्यांत रात्री-अपरात्री कधीही फिरा, पैसे पडत नाहीत. तिकीट लागतं ते तळघरांना, कॅथेड्रलला आणि घंटाघराला. हे कॅथेड्रल मुळात सम्राटाची समाधी. ज्याने ख्रिश्चनांचा छळ केला, त्याच्याच समाधीवर त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बिशप डोम्नियसच्या नावाचं चर्च उभं राहिलं. या जागेला १९७९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मग तटाच्या आतच राहावं का? हौस असेल तर जरूर. पण गाडी दारापर्यंत येत नाही, जिने अरुंद आणि उभे असतात, आणि खालच्या बारचा आवाज उशिरापर्यंत वर येतो. आई-वडील सोबत असतील, तर मी तटाबाहेर, पण धक्क्यापासून चालण्याच्या अंतरात खोली घेईन. बसस्थानक, रेल्वेस्थानक आणि बोटींचा धक्का तिन्ही शेजारी-शेजारी आहेत आणि राजवाडा तिथून दहा मिनिटांच्या आत.

“स्प्लिटहून रेल्वेने दुब्रोव्हनिक गाठता येतं.”

दुब्रोव्हनिकला रेल्वेच नाही. बस किंवा बोट. बसच्या बाबतीत भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किनाऱ्याच्या रस्त्यात नेउमजवळ बोस्नियाचा छोटा तुकडा येतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे (चलनही तेव्हापासून युरो, जुन्या माहितीपुस्तकांतला कुना विसरा). त्यामुळे नेउममध्ये शिरणं म्हणजे शेंगेनबाहेर पडणं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येताना पंचाईत होते. २०२२मध्ये सुरू झालेला पेल्येशात्सचा पूल हा तुकडा टाळतो. मात्र प्रत्येक बस पुलावरूनच जाईल असं नाही. तिकीट काढतानाच विचारा.

“किनारा म्हणजे वाळू.”

इथे बहुतेक ठिकाणी गोटे आणि खडक. ब्राचवरच्या बोल गावाचा प्रसिद्ध झ्लातनी रातसुद्धा गोट्यांचाच, तेव्हा रबरी चपला न्या. शहरातलं बाचवित्से मात्र वाळूचं, उथळ पाण्याचं. तिथे लोक त्या पाण्यात चेंडू तळव्याने टोलवायचा ‘पित्सिगिन’ खेळतात.

“शाकाहाऱ्यांचे हाल.”

मासे-मटणाचा प्रदेश आहे हे खरं. पण जवळच्या पोल्यित्सा भागातला ‘सोपार्निक’ मागून पाहा. पातळ पारीत चार्डची पालेभाजी आणि कांदा भरून निखाऱ्यांखाली भाजतात, वरून लसूण आणि ऑलिव्ह तेल. राजवाड्याच्या पूर्व दरवाजाबाहेर सकाळी भाजीबाजार भरतो, तिथेही तो मिळतो.