पांढऱ्या भिंतीचं पोट

पांढरा रंग म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो डाग! पांढरा कुर्ता घातला की दिवसभर जपून वावरायचं, हे आपल्या अंगवळणीच पडलंय. शिल्पकलेत मात्र हा रंग वेगळंच काम करतो. तो वस्तूची कडच पुसून टाकतो.

अनिश कपूर हे नाव बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. जन्म १९५४ चा, आपल्या मुंबईतला. पुढे शिकायला लंडनला गेले आणि तिथलेच झाले. शिकागोतलं ते आरशासारखं चकचकीत ‘क्लाउड गेट’ त्यांचंच. १९७९ साली ते भारतात येऊन गेले आणि मग कोरड्या रंगाच्या पुडीनं माखलेले लाल, पिवळे आकार करू लागले. आपल्या देवळांबाहेरच्या हळदी-कुंकवाच्या राशीच जणू.

आणि १९९२ मध्ये याच माणसानं सगळा रंग बाजूला ठेवून एक शिल्प केलं. नाव, ‘व्हेन आय अ‍ॅम प्रेग्नंट’. चौथरा नाही, दगड नाही. गॅलरीची पांढरी भिंत आणि तिलाच आलेला गोल फुगवटा. फायबर ग्लासचा, पांढराच, भिंतीत इतका बेमालूम मिसळलेला की जोड सापडू नये. समोर उभं राहिलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही. दोन पावलं बाजूला सरकलं की... भिंतीला चक्क पोट!

मी ते फोटोतच पाहिलंय. एक फोटो समोरून, एक बाजूनं. आईला दुसरा दाखवला तर म्हणाली, “अगं, ओल आलीय. पोपडे निघायच्या आत बघून घ्या म्हणावं.”

यात जादू काही नाही. गोलाई आपल्याला कळते ती कडेमुळे आणि सावलीमुळे. इथे रंग एकच, उतार हळूहळू भिंतीत विरणारा आणि प्रकाश सारखा. डोळ्याला धरायला काही उरतच नाही.

मला मात्र लोकल आठवली. पाचव्या महिन्यात गर्दीत उभी होते, अंगावर मोठी ओढणी. समोर बसलेल्यांना खरंच काही दिसलं नसेल. दाराकडून आत येणाऱ्या एका कोळणीनं बाजूनं पाहिलं आणि ओरडली, “उठा गं कुणीतरी, पोटुशी आहे ती!”

शिल्पाच्या नावावर मी आधी चिडलेच होते. पुरुषानं म्हणायचं ‘मी प्रेग्नंट’? ना डोहाळे, ना कळा! इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत करून बघा, ‘मी गरोदर असतो तेव्हा’ की ‘असते तेव्हा’? ठरवावंच लागतं. मग वाटलं, हा ‘मी’ कपूर कशाला, ती भिंतच बोलत असेल. मग ‘असते’च बरोबर.

तरी एका बाईच्या हातचं पांढरंही बघायला हवं. लुईझ बुर्जुआ, तीन मुलगे वाढवलेली शिल्पकार. २०१० मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली. तिचं ‘क्युम्युल वन’ पॅरिसच्या पाँपिदू सेंटरकडे आहे. पांढरा संगमरवर, चादरीखालून गोल गोल डोकी वर यावीत तसे आकार. नाव कापशी ढगांवरून घेतलेलं, पण पाहताना स्तन आठवतात, अंडी आठवतात, पांघरुणात लपलेली पोरंही. सगळी एकमेकांना ढकलत बाहेर येतायत. तिथे कुणाला बाजूला सरकून बघावं लागत नाही.